लोह : हितकर केव्हा, अहितकर केव्हा?

पोळ्याच्या करीचा दिवस उजाडला की वणी परिसरातील अनेक घरांत मटणाचा रस्सा शिजू लागतो. पंगतीत मग दोन सल्ले ऐकू येतात. ‘अंगात रक्त नाही, दोन तुकडे जास्त घे,’ हा एक. ‘मटण कमी करा, आतड्याचा कर्करोग होतो,’ हा दुसरा. दोन्ही सल्ल्यांच्या मुळाशी एकच खनिज आहे, ते म्हणजे लोह.

पहिला सल्ला निराधार नाही. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. मांसातील बरेचसे लोह ‘हीम’ स्वरूपात असते आणि डाळी-भाज्यांतील लोहापेक्षा ते शरीर सहज शोषून घेते. मात्र न शोषलेले हीम पुढे मोठ्या आतड्यात उतरते. तेथे ते अस्तराला क्षोभ देते आणि नायट्रोसो नावाची अपायकारक संयुगे तयार होण्यास हातभार लावते.

म्हणूनच 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तांबड्या मांसाला ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरविले. सॉसेज, सलामी, हॅम यांसारखे प्रक्रिया केलेले मांस तर निश्चित कर्करोगकारकांच्या गटात गेले. असे मांस रोज 50 ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो, असा त्या संस्थेचा अंदाज आहे. बकऱ्याचे मटणही तांबड्या मांसातच मोडते. तथापि ही वाढ मूळ धोक्याच्या तुलनेतली आहे; शंभरातील अठरा जणांना कर्करोग होतो, असा तिचा अर्थ नव्हे. जागतिक कर्करोग संशोधन निधीच्या मते आठवड्याला शिजवलेले 350 ते 500 ग्रॅम मांस ही मर्यादा पाळावी. सणावाराला किंवा रविवारी बेताने मटण खाणाऱ्या घराने भयभीत होण्याचे कारण नाही. निखाऱ्यावर करपेपर्यंत भाजलेल्या मांसापेक्षा मंद आचेवर शिजलेला रस्सा बरा, एवढे लक्षात ठेवावे.

दुसरे खनिज कॅल्शियम. ते आतड्यात हीमला बांधून ठेवते, असे प्रयोगांत दिसले आहे. मग गोळ्या घ्याव्यात काय? 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कॅल्शियमच्या गोळ्यांनी आतड्यातील गाठी पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण थोडे घटले. 2015 च्या अधिक मोठ्या चाचणीत मात्र तसा लाभ दिसला नाही. तेव्हा केवळ या हेतूने गोळ्यांच्या मागे लागू नये. दूध, दही, ताक, तीळ आणि शेवग्याचा पाला ही आपल्या घरातली कॅल्शियमची साधने पुरेशी आहेत. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण आणि हिरव्या भाज्या यांतून मॅग्नेशियम व तंतुमय पदार्थ मिळतात. या जेवणावर लिंबू पिळले की त्यातील लोहही अधिक अंगी लागते. चहा मात्र जेवणानंतर तासाभराने घ्यावा. डॉक्टरांनी लोह व कॅल्शियम या दोन्हींच्या गोळ्या दिल्या असतील, तर त्या एकाच वेळी घेऊ नयेत.

आता सर्वांत महत्त्वाचे. रक्तक्षय नेहमी आहारातील उणिवेनेच होतो, असे नाही. मोठ्या आतड्यातील गाठीतून थेंबथेंब रक्त झिरपते, डोळ्यांना दिसतही नाही आणि शरीरातील लोह आटत जाते. म्हणून प्रौढ पुरुषाला, किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीला, लोहाच्या कमतरतेने रक्तक्षय झाला असेल, तर मटण आणि टॉनिक वाढवून स्वस्थ बसू नये. आधी कारण शोधावे. शौचातून रक्त पडल्यास ‘मूळव्याधच असेल’ असे घरच्या घरी ठरवू नये. शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकणारा बदल, विनाकारण घटणारे वजन, घराण्यातील या रोगाचा इतिहास, यांपैकी काहीही असल्यास डॉक्टरांकडे जावे. शौचाची साधी तपासणी आणि गरज पडल्यास दुर्बिणीतून आतड्याची तपासणी करता येते. रोग लवकर सापडला, तर तो बहुधा बरा होतो.

करीच्या पंगतीत कोणाच्या ताटात किती तुकडे पडले, याची चर्चा होतेच. त्याच पंगतीत आजोबांचा चेहरा अलीकडे पांढुरका दिसतो, याकडेही कोणाचे तरी लक्ष असावे.