परवानगी झाडाची, आणि करवत चालवणाऱ्याचं काय?

मे महिना आला की पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे, खारघर इथल्या सोसायट्यांमध्ये पेट्रोलवर चालणाऱ्या करवतींचा आवाज सुरू होतो. पावसाआधी गुलमोहर, सोनमोहर, रेन ट्रीच्या फांद्या उतरवायच्या असतात. वर एक मुलगा, पायात काही नाही, एका हाताने फांदी धरलेली आणि दुसऱ्या हातात चालू मशीन. खालून कोणीतरी सांगत असतं, "तारेकडची पण घे रे." हा लेख त्या मुलासाठी आहे, पण त्याला कामाला बोलावणाऱ्या तुमच्यासाठी जास्त आहे.

शहरातलं झाड तोडायचं तर १९७५ च्या झाडांच्या जतनाच्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. झाड कोणतं, का तोडायचं, सगळं विचारलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण ज्याच्या हातात करवत आहे तो ती चालवायला कुठे शिकला, हे विचारायचं कोणाच्या मनातही येत नाही. घरात वायरिंग करणाऱ्याला आपल्या राज्यात परवाना लागतो. ही मशीन मात्र काही हजार रुपयांत ऑनलाइन मागवा आणि उद्यापासून धंदा सुरू करा. डॉक्टर म्हणून मला हे मान्य नाही. झाडावर करवत चालवण्यासाठी प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र सक्तीचं असलं पाहिजे. का, ते सांगतो.

कोयत्याचा वार रेषेसारखा असतो. तो शिवता येतो. करवतीची साखळी सेकंदाला साधारण वीस मीटर वेगाने फिरते आणि तिचा प्रत्येक दात मांस उकरून बाहेर फेकतो. जखमेत भुसा, तेल आणि कपड्याचे धागे जातात. मधला भागच नाहीसा झाल्यामुळे तुटलेल्या स्नायूबंधांची आणि नसांची टोकं एकमेकांना पोहोचत नाहीत. जखम भरते, पण मूठ पूर्वीसारखी वळत नाही. आणि मूठच वळली नाही तर या माणसाची रोजी गेली. डावा हात आणि डाव्या पायाची मांडी-गुडघा यांना जास्त इजा होते. त्याहून वाईट इजा चेहरा आणि मानेची.

मानेपर्यंत करवत येते कशी? साखळी ज्या लांब पट्टीवर फिरते, तिच्या टोकाचा वरचा भाग फांदीला लागला की मशीन उसळून चालवणाऱ्याकडेच येते. हे इतक्या झटक्यात होतं की हात बाजूला घ्यायला वेळच मिळत नाही. त्यापासून वाचवतात त्या सवयी: दोन्ही हातांची पक्की पकड, डाव्या अंगठ्याचा विळखा, खांद्याच्या वर करवत न नेणं, साखळीचा ब्रेक रोज तपासणं. या सवयी कोणीतरी समोर उभं राहून लावाव्या लागतात. पाहून पाहून शिकलेला माणूस समोरच्याच्या चुकाही शिकतो.

पडलेलं झाड तर उभ्या झाडापेक्षा फसवं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा आपल्या जिल्ह्यात किती झाडं रस्त्यावर आडवी झाली ते तुम्हाला आठवत असेल. वाकून दबलेल्या खोडात ताणलेल्या धनुष्यासारखा जोर साठलेला असतो. चुकीच्या बाजूने काप घेतला की खोड उसळून माणसाला फेकतं. युरोपात करवतीच्या प्रमाणपत्राच्या चार पायऱ्या आहेत, आणि वादळात पडलेली झाडं ही त्यातली शेवटची, चौथी पायरी आहे. आपल्याकडे वादळाच्या दुसऱ्या दिवशी जो पहिला सापडेल तो ते काम करतो.

हळूहळू होणारं नुकसान वेगळंच. या मशीनचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो. तेवढ्या आवाजात उघड्या कानांनी दिवसाला पंधरा मिनिटं म्हणजे सुरक्षित मर्यादा संपली. कंपनांमुळे बोटांच्या रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात. थंड देशांत बोटं पांढरी पडलेली दिसतात. आपल्याकडे बहुधा आधी मुंग्या येतात, मग बधिरपणा, मग शर्टाचं बटण लावता येत नाही. लोक त्याला "अशक्तपणा" म्हणतात आणि टॉनिक मागतात!

"डॉक्टर, पिढ्यान्‌पिढ्या झाडावर चढणाऱ्यांना तुम्ही काय शिकवणार?" चढायला नाहीच शिकवणार, ते आपल्याला शिकवतील. पण मशीन पिढीजात नाही. कागद नाही म्हणून त्यांचं काम काढून घेणं अन्यायाचं होईल, हेही मला पटतं. म्हणूनच कौशल्य विकास योजनेत आधीपासून येणाऱ्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची जी सोय आहे, ती इथे वापरावी. असं आपल्या देशात झालेलंही आहे. नारळ विकास मंडळाने २०११ पासून केरळात नारळावर चढणाऱ्या तरुणांना यंत्रासह प्रशिक्षण आणि सोबत विमा दिला. पनवेलमध्ये महापालिकेने छाटणीच्या निविदेत प्रशिक्षित माणसाची अट घातली, तर कंत्राटदार स्वतःच माणसं शिकायला पाठवतील.

तोवर सोसायटीने एवढं करा. दर ठरवण्याआधी हेल्मेट, डोळ्यांचं आणि कानांचं संरक्षण, करवत अडवणारी पँट, कमरेचा पट्टा आणि दोर आहे का ते पाहा. तार जवळ असेल तर महावितरणला कळवून वीज बंद करून घ्या. एकट्या माणसाला झाडावर चढवू नका. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता वीस रुपये आहे, त्याने तो भरला आहे का ते विचारा.

आणि अपघात झालाच तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरा. रक्त थांबलं का हे पाहायला ते उचलू नका. हळद, चहापूड काही नको. १०८ ला फोन करा. बोट तुटलं असेल तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोट थेट बर्फात ठेवू नका. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं होतं, हे रुग्णालयात आठवणीने सांगा. अशा मळक्या जखमेत पाच वर्षांहून जास्त काळ झाला असेल तर ते पुन्हा घ्यावं लागतं.