डोळ्यांतून पाणी वाहते, तरी डोळे कोरडे!

गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे डोळ्यांच्या तक्रारींची बरीच पत्रे आली. त्यांतले भिवंडीच्या एका भगिनीचे पत्र जवळजवळ सगळ्यांचीच गोष्ट सांगणारे आहे. वय पंचेचाळीसच्या पुढे. घरी बसून दुपट्ट्यांवर जरीचे आणि मण्यांचे काम करतात. त्या लिहितात : "दुपारनंतर डोळ्यांत वाळू गेल्यासारखे टोचते. सुईत दोरा ओवताना अंधूक दिसते, दोन-चार वेळा डोळे मिचकावले की पुन्हा स्पष्ट होते. वारा लागला की घळाघळा पाणी येते. मेडिकलवाल्याने थेंब दिले. ते टाकले की आठ दिवस बरे वाटते, मग पुन्हा तेच. असे वर्ष झाले. शेजारच्या खाला म्हणतात, डोळ्यांत उष्णता आहे, सुरमा घाल. काय करावे?"

ही लक्षणे कोरड्या डोळ्यांची दिसतात. पाणी वाहते आहे आणि डोळे कोरडे कसे, असे कुणीही विचारील. डोळ्यांतले अश्रू म्हणजे नुसते पाणी नव्हे. बुबुळावर अश्रूंचा जो पातळ थर पसरलेला असतो त्यात खाली चिकट द्रव, मध्ये खारट पाणी आणि वर तेलाचा अगदी बारीक पापुद्रा असतो. हे तेल पापण्यांच्या कडांमधल्या ग्रंथींतून येते. जर्मन वैद्य हाइनरिश मायबोम याने १६६६ साली त्यांचे वर्णन केले म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. वरच्या आणि खालच्या पापणीत त्या वीस ते चाळीसच्या आसपास असतात. तेल कमी पडले की मधले पाणी लवकर उडून जाते, बुबुळ उघडे पडते आणि टोचू लागते. टोचले की डोळा घाबरून एकदम खूप पाणी सोडतो. ते पाणी गालावर ओघळते, बुबुळावर टिकत नाही. भगिनींना वाऱ्यात येते ते हेच पाणी. डोळे मिचकावल्यावर स्पष्ट दिसते, कारण प्रत्येक उघडझापीबरोबर नवा थर पसरतो.

आता त्या थेंबांविषयी. बाटलीवरचे नाव भगिनींनी पत्रात कळवले आहे, आम्ही ते छापत नाही. पण त्यात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आहे. स्टेरॉइडने लाली आणि जळजळ झटकन कमी होते, म्हणून माणूस पुन्हा तीच बाटली मागतो. डोळ्यांचे डॉक्टरही प्रसंगी थोड्या दिवसांसाठी, देखरेखीखाली असे औषध देतात. वर्षभर आपल्या मनाने टाकत राहणे ही मात्र फार वेगळी गोष्ट आहे. त्याने डोळ्यातला दाब वाढू शकतो, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो. दाब वाढून काचबिंदू झाला तर बहुधा दुखत नाही, कळतही नाही, आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही. म्हणून या भगिनींना आमचे पहिले सांगणे कोरडेपणाबद्दल नाहीच. याच आठवड्यात ती बाटली बरोबर घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि आधी दाब तपासून घ्या. घरात आणखी कुणी तीच बाटली वापरत असेल तर त्यांनाही न्या. लाली घालवून डोळे पांढरेशुभ्र करणारे थेंबही असेच फसवे असतात. त्यांचा असर उतरला की डोळे पहिल्यापेक्षा लाल दिसतात.

कोरडेपणाची तपासणी अवघड नाही. चांगला डॉक्टर आधी विचारपूस करतो : सर्दी-ॲलर्जीच्या, नैराश्याच्या किंवा मुरुमांच्या काही गोळ्या चालू आहेत का, पाळी बंद झाली का, तोंड कोरडे पडते का, सांधे दुखतात का. ही उत्तरे लाजून लपवू नका. मग डोळ्यात पिवळ्या रंगाचा थेंब लावून निळ्या उजेडात पाहतात. डोळा उघडा ठेवल्यावर अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो ते मोजतात. दहा सेकंदांच्या आत फाटला तर थर टिकाऊ नाही असे समजतात. दुसरी तपासणी साध्या कागदी पट्टीची. ऑटो शर्मर या जर्मन डॉक्टराने ती १९०३ साली सुचवली आणि आजही ती चालते. पट्टी खालच्या पापणीत अडकवून पाच मिनिटांत ती किती मिलिमीटर भिजते ते पाहतात. पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर पाणीच फार कमी तयार होते आहे. पापणीची कडा हलकी दाबून तेल कसे निघते तेही पाहतात. निरोगी ग्रंथीतून स्वच्छ, पातळ तेल येते. बिघडलेल्या ग्रंथीतून दाट, टूथपेस्टसारखे काहीतरी येते, नाहीतर काहीच येत नाही.

हे सगळे कशासाठी, तर कोरडेपणा तेलाचा की पाण्याचा, हे कळल्याशिवाय उपाय नेमका करता येत नाही. पुष्कळदा दोष तेलाचा असतो, किंवा दोन्हींचा. पाणी फार कमी, तोंड कोरडे आणि सांधेदुखी एकत्र असेल तर स्योग्रेनचा विकार आहे का ते रक्त तपासून पाहावे लागते. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये कितीतरी जास्त आढळतो आणि पुष्कळ वर्षे ओळखूच येत नाही.

तेलाचा दोष असेल तर सर्वांत मोठा उपाय घरातच आहे, तो म्हणजे शेक. थंडीत तूप डब्यात गोठते, चमच्याने निघत नाही आणि थोडी ऊब मिळाली की वाहू लागते. पापणीतल्या तेलाचेही तसेच आहे. मात्र एकदा फडके ठेवून उचलले की शेक झाला, असे नाही. फडके मिनिट-दोन मिनिटांत थंड होते, ते पुन्हापुन्हा कोमट पाण्यात बुडवून पाच ते दहा मिनिटे ऊब टिकवावी लागते. पाणी आधी मनगटावर घालून पाहावे. त्यानंतर वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, बोटाने हलकेच निपटावी. पापण्यांची मुळे स्वच्छ पुसावी. हे रोज आणि महिनोन्‌महिने करायचे आहे. चार दिवसांत सोडणारेच जास्त, आणि मग म्हणतात गुण आला नाही!

कृत्रिम अश्रूंचे थेंब सुरक्षित असतात. पण दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर बाटली टिकवण्यासाठी रसायन घातलेली नको, रसायनविरहित मागा. ते रसायनच डोळ्याला चुरचुरवते. एवढ्याने भागले नाही तर डॉक्टर सायक्लोस्पोरिनचे थेंब देतात. ते सुरुवातीला झोंबतात आणि गुण यायला तीनेक महिने लागतात, हे आधीच माहीत असलेले बरे. अश्रू नाकात उतरण्याच्या बारीक छिद्राला बूचही बसवता येते, मोरीला बसवतो तसे, म्हणजे आहे ते पाणी डोळ्यात राहते.

माशाच्या तेलाच्या कॅप्सूल मात्र विचार करून घ्या. २०१८ साली अमेरिकेत ५३५ रुग्णांवर वर्षभर झालेल्या अभ्यासात माशाचे तेल घेणाऱ्यांना आणि ऑलिव्ह तेल घेणाऱ्यांना सारखाच आराम वाटला. कोकणातल्या वाचकांनी बांगडा आवडीने खावा, औषध म्हणून नव्हे.

रात्री पंख्याचा झोत सरळ तोंडावर नको. चुलीचा आणि लोबानचा धूर टाळा. मोबाइल पाहताना किंवा सुईवर नजर लावली की आपण पापण्या नेहमीपेक्षा फार कमी मिटतो, मिटल्या तरी अर्धवट. पाच-दहा टाके झाले की डोळे पूर्ण मिटून उघडावेत.

सुरम्याबद्दल खालांची माफी मागून सांगतो, कोरड्या डोळ्यात तो घालू नये. बाजारातल्या अनेक सुरम्यांत शिसे आढळले आहे, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. शिसे नसले तरी भुकटीचे कण अश्रूंचा थर फाडतात. एकाच सळईने घरभर डोळ्यांचा संसर्ग फिरतो तो वेगळाच.

डोळा जोरात दुखला, उजेड सहन होईना, बुबुळावर पांढरा डाग दिसला किंवा नजर एकदम कमी झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. लहान मुलाला संध्याकाळनंतर दिसेनासे झाले आणि डोळे निस्तेज वाटले तर ते जीवनसत्त्व अ कमी पडल्याचे लक्षण असू शकते. तेथेही उशीर नको.

रमजानमध्ये थेंब टाकावेत का, असे अनेकांनी विचारले आहे. हनफी आणि शाफई, दोन्ही मतांप्रमाणे डोळ्यात औषध टाकल्याने रोजा तुटत नाही. तरीही मन मानत नसेल तर दिवसातून दोनदा टाकायचे औषध सहरीला आणि इफ्तारनंतर टाकता येते. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटे दाबून धरा, म्हणजे औषध घशात फारसे उतरत नाही.