विश्लेषण : पोस्टर, पिना आणि फोटोकार्ड... पॉप मासिकांनी किशोरवयीन वाचकांना कसे बांधून ठेवले?

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब यांसह १० समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी आहे. न संपणारे स्क्रोल, आपोआप सुरू होणारी चित्रफीत, सूचनेचा लाल ठिपका अशा ‘खिळवून ठेवणाऱ्या रचने’वर त्यानिमित्ताने जगभर चर्चा सुरू झाली. मात्र शाळकरी वयाच्या वाचकाची नजर पकडण्याची ही विद्या मोबाइलने शोधलेली नाही. पॉप संगीताच्या मासिकांनी ती कागदावर, दोन पिनांच्या आधाराने आणि खिशातल्या खाऊच्या पैशांच्या हिशेबाने आधीच घडवली होती. ती कशी चालत असे आणि तिचे पुढे काय झाले, याचा हा आढावा.

किशोरवयीनांसाठी वेगळी मासिके कधी आली?

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप-अमेरिकेत मुलांच्या हाती थोडे पैसे आले, स्वस्त तबकड्या आल्या आणि खिशात मावणारा ट्रान्झिस्टर आला. बाजाराने हा नवा ग्राहक लगेच हेरला. जर्मनीत १९५६ मध्ये ‘ब्राव्हो’ निघाले. अमेरिकेत १९५७ मध्ये ‘सिक्स्टीन’ आणि १९६५ मध्ये ‘टायगर बीट’ सुरू झाले. ब्रिटनमध्ये १९६४ पासून ‘जॅकी’ हे मुलींचे साप्ताहिक निघू लागले आणि सत्तरच्या दशकात त्याचा खप सहा लाखांच्या घरात गेला. यातील बहुतेकांत कथा, सल्ला, फॅशन आणि गायक यांची मिसळ असे. निव्वळ पॉप गाण्यांवर उभे राहिलेले आणि मांडणीचा नवा धडा घालून देणारे नियतकालिक मात्र नंतर आले. ते म्हणजे ‘स्मॅश हिट्स’.

‘स्मॅश हिट्स’ने वेगळे काय केले?

‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ (एनएमई) या संगीत साप्ताहिकाचे संपादकपद सोडल्यानंतर निक लोगन यांनी १९७८ मध्ये ‘स्मॅश हिट्स’ सुरू केले. तोवरची ब्रिटिश संगीत साप्ताहिके वर्तमानपत्री कागदावर छापली जात. शाई बोटांना लागे, लेख लांबलचक असत आणि समीक्षक गाण्यापेक्षा स्वतःबद्दल अधिक लिहीत. तेरा वर्षांच्या वाचकाला त्यात जागाच नव्हती. लोगन यांनी गुळगुळीत कागद, भडक रंग आणि मोठी छायाचित्रे आणली. शिवाय एक साधी गोष्ट केली, लोकप्रिय गाण्यांचे संपूर्ण शब्द छापले.

आज कुठलेही गाणे शोधले की शब्द समोर येतात, त्यामुळे यात विशेष काय असे वाटू शकते. पण त्या काळी रेडिओवर गाणे एकदा वाजून गेले की हातून निसटे. शब्द छापून मिळाले की ते पाठ करता येत, वहीत उतरवता येत, मैत्रिणीबरोबर म्हणता येत. आपल्याकडे चित्रपटगृहाबाहेर मिळणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिकांनी हेच काम केले होते. शब्दांचे पान वाचून फेकून देता येत नाही. त्यामुळे अंक रद्दीत न जाता दप्तरात राही आणि पुन्हा पुन्हा उघडला जाई. मांडणीच्या दृष्टीने ही मोठी कमाई होती. एका पानावर एक गाणे, मागे कलाकाराचे छायाचित्र आणि त्यावर ठळक अक्षरे. मजकूर आणि चित्र वेगळे राहिलेच नाहीत.

दुसरा बदल भाषेचा होता. ‘स्मॅश हिट्स’ने तारकांची थट्टा करणारी, टोपणनावांनी भरलेली स्वतःची बोली तयार केली. मोठ्या गायकाला त्याच्या कलेविषयी विचारण्याऐवजी मंगळवारचा रंग कोणता, असे काहीतरी विचारले जाई. वाचकांच्या पत्रांना ‘ब्लॅक टाइप’ नावाचे एक काल्पनिक पात्र उत्तरे देई. बाहेरच्याला ही बोली कळत नसे आणि गंमत त्यातच होती. घरातल्या मोठ्यांना जे समजत नाही, ते आपले, हा किशोरवयाचा नियमच आहे. याच मासिकात काम करणारे नील टेनंट पुढे ‘पेट शॉप बॉइज’चे गायक झाले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एका अंकाचा खप १० लाखांपुढे गेला. १९८७ मध्ये खुद्द पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी या मासिकाला मुलाखत दिली. तरुण मतदार कुठे सापडतील, हे राजकारण्यांना तेव्हाही नेमके ठाऊक होते.

मुखपृष्ठावर नजर कशी खिळते?

ब्रिटनमध्ये शाळा-महाविद्यालयांत माध्यम अभ्यास हा विषय आहे आणि त्यात संगीत मासिकाचे मुखपृष्ठ उलगडून दाखवणे हा नेहमीचा सराव आहे. त्यातून हाती येणारे नियम थोडके आहेत, पण पक्के आहेत. पहिला नियम डोळ्यांचा. मुखपृष्ठावरचा गायक जवळजवळ नेहमीच थेट कॅमेऱ्यात पाहतो. दुकानात उभ्या मुलीला तो आपल्याकडेच पाहतोय, असे वाटावे म्हणून. गंभीर संगीत मासिकांत कलाकार खिडकीबाहेर किंवा गिटारकडे पाहू शकतो. पॉप मासिकात ही सवलत नाही.

दुसरा नियम जागेचा. दुकानाच्या मांडणीत मासिके एकावर एक सरकवून ठेवलेली असतात आणि बहुधा डावीकडचा पट्टाच दिसतो. म्हणून नाव, सर्वांत मोठे आमिष आणि ‘आत मोफत’ची चकती डावीकडे किंवा अगदी वर असते. गायकाचे डोके मासिकाच्या नावाची एक-दोन अक्षरे झाकते तेव्हा ती चूक नसते. आमचे नाव तुम्हाला पाठच आहे, असा तो आत्मविश्वास असतो.

तिसरा नियम गर्दीचा. प्रौढांच्या मासिकात मोकळी जागा हे अभिरुचीचे लक्षण मानले जाते. किशोरवयीनांच्या पॉप मासिकात मोकळी जागा म्हणजे पैसे वाया गेले! तिरकी चिकटवलेली छायाचित्रे, हस्ताक्षरासारखी अक्षरे, गुलाबी-पिवळ्या पट्ट्या, तारे, बाण, उद्गारचिन्हे. पान एखाद्या मुलीने वहीत कात्रणे चिकटवून सजवावे तसे दिसते. ते संपादकाच्या कार्यालयात बनलेले न वाटता आपल्याच वर्गातल्या कुणीतरी केलेले वाटावे, यासाठी मांडणीकार मेहनत घेत. पसारा दिसत असला तरी तो मोजून-मापून घातलेला असे.

पोस्टर मधल्याच पानावर का?

कारण पिनांत आहे. मधोमध दुमडलेल्या कागदांच्या अंकात फक्त मधले पान सलग असते. बाकी कुठेही दोन पानांवर चित्र पसरले तर ते दोन वेगळ्या कागदांवर छापावे लागते आणि मधोमध फाटते. मधले पान मात्र पिना सोडवल्या की अखंड हाती येते. पोस्टरची पाठ हा तर पेचच. मागे दुसऱ्या लाडक्या बँडचे चित्र असले की भिंतीवर कोणती बाजू लावायची यावर बहिणींत भांडण ठरलेले, आणि क्वचित दोन अंकांची विक्रीही.

जर्मन ‘ब्राव्हो’ने याच्याही पुढे मजल मारली. १९५९ पासून त्यांनी ‘स्टारश्निट’ सुरू केले. तारकेचे माणसाएवढे चित्र तुकड्यांत कापून अंकामागून अंक द्यायचे. पहिली निवड अभिनेत्री ब्रिजित बार्दो हिची होती आणि पुढे बीटल्सही असेच तुकड्यांनी घरोघर गेले. एक अंक चुकला की भिंतीवरच्या तारकेचा गुडघा गायब! पुढचा अंक घेणे भाग पाडणारी इतकी सोपी आणि इतकी निर्दय युक्ती विरळाच.

भिंत कुणाची होती?

या मांडणीकडे केवळ बाजाराची चलाखी म्हणून पाहिले तर अर्धेच चित्र दिसते. ब्रिटिश अभ्यासक अँजेला मॅकरॉबी आणि जेनी गार्बर यांनी १९७६ मध्ये एका निबंधात वेगळा मुद्दा मांडला. तरुणांच्या संस्कृतीवरील संशोधन रस्त्यावरच्या मुलांभोवती फिरत होते, मोटारसायकली, टोळ्या, मारामाऱ्या वगैरे. मुली त्यात दिसत नव्हत्या. त्या घरात, स्वतःच्या खोलीत होत्या. रस्त्यावर रेंगाळण्याची मुभा त्यांना मुलांइतकी नव्हती. पोस्टर, तबकड्या आणि दोन मैत्रिणी एवढ्या सामग्रीवर त्यांनी आपली संस्कृती उभी केली होती. ती स्वस्त होती, सुरक्षित होती आणि बाहेर जाण्याची परवानगी मागावी लागत नव्हती.

‘जॅकी’ची कठोर चिकित्साही मॅकरॉबी यांनीच केली. प्रेम, रूप आणि मुलाची पसंती याभोवतीच मुलींचे जग आखले जाते, हा त्यांचा आक्षेप होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. ज्या पानाने मुलीला स्वतःची भिंत दिली, त्याच पानाने त्या भिंतीवर काय असावे हेही ठरवले. पॉप मासिकांच्या रचनेवरचा सगळा वाद या दोन वाक्यांच्या मधे कुठेतरी आहे.

मसाल्यांची मांडणी आणि पाच मुली

मांडणीची एक कल्पना संपूर्ण बँडची ओळख ठरवू शकते, याचे नामी उदाहरण १९९६ चे आहे. बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ मासिकाचे संपादक पीटर लोरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्पाइस गर्ल्स’ या नव्या गटावर छोटा मजकूर केला. मसाल्यांच्या मांडणीची उपमा घेऊन त्यांनी पाच जणींना पाच नावे दिली : पॉश, स्केरी, बेबी, स्पोर्टी आणि जिंजर. पाव पानाचा हा मजकूर जगभर गेला आणि नावे त्या गायिकांना कायमची चिकटली.

यात काय घडले? पाच अनोळखी मुली एका नजरेत वेगळ्या ओळखता येऊ लागल्या आणि प्रत्येक वाचक मुलीला ‘मी कोणती?’ असे विचारता आले. पाच बरण्यांपैकी एक निवडायची, एवढेच. गाणे कानाला आवडण्याआधी बाजू निवडून झालेली असे. आजच्या के-पॉप गटांत प्रत्येक चाहत्याचा एक लाडका सदस्य असतो, ती पद्धत याच वळणाची.

भारतात हे का रुजले नाही?

प्रयत्न झाले. कोलकात्याच्या ‘स्टेट्समन’ समूहाचे ‘ज्युनियर स्टेट्समन’ ऊर्फ ‘जेएस’ १९६७ ते १९७७ अशी दहा वर्षे डेस्मंड डॉइग यांच्या संपादनाखाली निघाले. अलाहाबादहून १९९३ मध्ये अमित सैगल यांनी ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ सुरू केले. ‘रोलिंग स्टोन’ची भारतीय आवृत्ती २००८ मध्ये आली. हे सारे इंग्रजीत आणि शहरी वाचकांपुरते राहिले. मूळ अडचण वेगळीच होती. आपल्याकडे लोकप्रिय गाणे चित्रपटातले आणि पडद्यावर ओठ हलवणारा नटच चेहरा. लता मंगेशकर किंवा किशोरकुमार यांच्या आवाजावर देश फिदा असला, तरी भिंतीवर चित्र लागले ते नायक-नायिकांचे. म्हणून पोस्टरची हौस चित्रपट मासिकांनी भागवली आणि महाराष्ट्रातील कित्येक घरांत ‘स्पोर्टस्टार’च्या मधल्या पानाने. पिना न फाडता सचिन तेंडुलकर बाहेर काढण्याचे कौशल्य एका पिढीला अवगत होते.

मासिके गेली, मग रचना कुठे गेली?

‘जॅकी’ १९९३ मध्ये, तर ‘स्मॅश हिट्स’ फेब्रुवारी २००६ मध्ये बंद झाले. ‘एनएमई’ची साप्ताहिक छापील आवृत्ती २०१८ मध्ये थांबली. ‘ब्राव्हो’ साप्ताहिकाचे पाक्षिक आणि मग मासिक झाले. गाण्याचे शब्द, छायाचित्रे, बातमी आणि गप्पा ही मासिकाची चारही कामे इंटरनेटने फुकट केली.

रचना मात्र गाण्याच्या अल्बममध्ये शिरली. दक्षिण कोरियातील ‘गर्ल्स जनरेशन’ या गटाच्या २०१० मधील ‘ओह!’ या अल्बममध्ये सदस्यांपैकी एकीचे छोटे छायाचित्र घातले होते. कोणाचे मिळेल ते पाकीट उघडेपर्यंत कळत नसे. हेच फोटोकार्ड. आजचा के-पॉप अल्बम म्हणजे जाड छायाचित्रांचे पुस्तक, पोस्टर, स्टिकर, कार्ड आणि सोबत एक सीडी. ती वाजवायचे यंत्र अनेक चाहत्यांकडे नसतेही. थोडक्यात, अल्बमच मासिक झाला. ‘स्टारश्निट’मध्ये निदान पुढच्या अंकात कोणता तुकडा येणार हे ठरलेले असे. फोटोकार्डात नशीब आले. लाडक्या सदस्याचे कार्ड मिळेपर्यंत तोच अल्बम पुन्हा घेणारे चाहते आहेत आणि त्या खरेदीने विक्रीचे आकडेही फुगतात. या उद्योगात मांडणीकार म्हणून पुढे आलेल्या आणि ‘न्यूजीन्स’ हा गट घडवणाऱ्या मिन ही-जिन यांनीच २०२४ मध्ये या पद्धतीवर जाहीर टीका केली होती. बीटीएस गटाच्या ‘हाइब’ या कंपनीने २०२५ मध्ये मुंबईत आपली भारतीय शाखा सुरू केली आहे, त्यामुळे हा विषय आता परका राहिलेला नाही.

मोबाइलच्या रचनेत नेमका फरक काय?

थेट पाहणारे डोळे, गर्दीची मांडणी, खासगी बोली आणि ‘पुढे काय’ची हुरहुर हे सगळे रीलमध्ये जसेच्या तसे आहे. फरक दोन ठिकाणी पडतो. मासिकाला शेवटचे पान होते. ते आले की पुढचा अंक निघेपर्यंत थांबावेच लागे. दुसरे म्हणजे संपादक वाचकाबद्दल अंदाज बांधत असे. टपालाने आलेली पत्रे आणि महिन्याअखेरचा खप एवढाच त्याचा आधार होता. कोणती मुलगी कोणत्या छायाचित्रावर किती सेकंद थांबली, हे त्याला कधीच कळले नाही. मोबाइलवरील यंत्रणेला ते कळते आणि पुढचे चित्र त्यानुसार येते. प्रत्येकासाठी वेगळे मुखपृष्ठ, तेही दर काही सेकंदांनी नवे.

ऑस्ट्रेलियाच्या कायद्याने वय तपासण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे. चुकणाऱ्या कंपनीला ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, तर मुलांना किंवा पालकांना शिक्षा नाही. बंदी आहे ती खात्यावर. सोळावा वाढदिवस झाला की खाते उघडता येते आणि समोर तेच न संपणारे पान असते.