पिकलेल्या गळवाला गोळी कशाला?

गळू पिकलं की ते फोडावं लागतं. एवढी साधी गोष्ट सांगायला वर्तमानपत्रात जागा मागावी लागेल, असं मला वाटलं नव्हतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा शस्त्रक्रियेचा दवाखाना आहे. इथे येणारं गळू एकटं येत नाही. सोबत पिशवीतून रिकाम्या पट्ट्या येतात. अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या, मग सेफिक्झिम, मग दुकानदाराने ‘जरा पावरफुल’ म्हणून दिलेलं आणखी काहीतरी. पंधरवडा गेलेला असतो, पैसे गेलेले असतात आणि पू जिथल्या तिथे.

गोळी रक्तातून जाते. गळवाच्या पोकळीत रक्त जातच नाही. शरीराने स्वतःच्या बचावासाठी तिच्याभोवती भिंत बांधलेली असते. आत मेलेल्या पेशी आणि निवांत बसलेले जंतू. शिवाय बहुतेक गळवांचा धनी असतो स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू, आणि सेफिक्झिमला तो जवळजवळ दाद देत नाही. म्हणजे गोळी पोहोचली असती तरी फारसा उपयोग नव्हता. सेफॅलेक्सिनसारखं जुनं, स्वस्त औषध त्याच्यावर बरं चालतं, पण जुनं म्हणजे कमजोर असा समज दुकानात पक्का आहे, आणि दवाखान्यांतही तो कमी नाही. सेफिक्झिम मार्च 2014 पासून ‘एच-वन’ यादीत आहे. ते विकताना डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची, असा नियम आहे. माझ्या टेबलावर पडणाऱ्या पट्ट्यांपैकी कितींची नोंद कुठल्या वहीत सापडेल, हे वाचकांनीच ओळखावं.

फोडायचं म्हणजे काय, याची भीती फार. बधिर करण्याचं इंजेक्शन पुवाच्या जागी नीट चढत नाही, त्यामुळे दुखतं. मी आधीच तसं सांगते. ‘मुंगी चावल्यासारखं वाटेल’ असं खोटं बोलत नाही. चिरा मोठा द्यायचा, आतले कप्पे मोडायचे, सलाइनने धुवायचं आणि तोंड उघडं ठेवायचं. “टाके नाही घातलेत?” हा प्रश्न हमखास येतो. टाके घातले तर पू परत कोंडणार. कित्येकांना त्याच रात्री आठवड्यानंतर पहिल्यांदा झोप लागते.

मग औषधाला कामच नाही का? आहे, पण दुय्यम. अमेरिकेतल्या पाच रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत झालेला एक मोठा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांची गळवं फोडली, अर्ध्यांना वर प्रतिजैविक दिलं, अर्ध्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. औषधवाले शंभरातले ऐंशी बरे झाले, बिनऔषधाचे चौऱ्याहत्तर. ताप असेल, मधुमेह असेल, भोवती लाली पसरलेली असेल तर मीही औषध देते. पण मुख्य काम पात्याचं. सुश्रुताने कच्चं गळू कापणारा वैद्य आणि पिकलेलं तसंच सोडणारा वैद्य यांना एकाच पंगतीत बसवून खडे बोल सुनावले आहेत. आज पहिला प्रकार क्वचित दिसतो, दुसऱ्याची रांग लागली आहे. (बारीक केसतूड गरम पाण्याने शेकून आपोआप फुटतं, त्याला कुणी पातं लावू नये. आणि नाकावरचं, वरच्या ओठावरचं तर पिळूच नये. तिथल्या शिरा आत मेंदूच्या बाजूला जातात.)

लाल झालेलं सगळंच कापायचं नसतं, हेही इथेच सांगायला हवं. लावणीच्या दिवसांत बायका गुडघ्यापर्यंत सुजलेला, तापलेला, लालभडक पाय घेऊन येतात. अंगात हुडहुडी, जांघेत अवधाण. “काही लागलं होतं का, काकी?” “नाय ओ बाई, काय लागलंबिगलं नाय.” पायाची बोटं फाकवून बघितली की दोन बोटांच्या बेचक्यात पांढरी, भिजलेली, चिरलेली कातडी दिसते. चिखल्या. त्या फटीतून जंतू आत शिरतो, बहुतेक वेळा स्ट्रेप्टोकॉकस. याला आम्ही सेल्युलायटिस म्हणतो. इथे पू साठलेला नसतो, त्यामुळे चिऱ्याचं काम नाही. पेनिसिलिनच्या कुळातलं औषध लागतं, साध्या दुखण्यात पाच दिवस पुरतात, पण पाय उशांवर छातीपेक्षा उंच ठेवून पडून राहावं लागतं. औषध घेणं जमतं. ऐन लावणीत पडून राहणं कुठल्या बाईला जमलंय? मी लालीच्या कडेने पेनाने रेघ मारून देते. पहिल्या दिवशी लाली थोडी पुढे गेली तर घाबरायचं नाही, पण दोन दिवसांनीही सरकतच असेल, ताप हटत नसेल, तर परत या म्हणते.

पाय उतरला तरी चिखल्या राहतातच, आणि पुढच्या पावसात तोच पाय पुन्हा सुजतो. बेचक्यांना बुरशीचं मलम काही आठवडे लावायचं आणि बोटं पुसून कोरडी ठेवायची, एवढ्याने बरंच टळतं. दुकानातून येतं ते मात्र स्टेरॉइड मिसळलेलं मलम. दोन दिवस खाज थांबते आणि बुरशी फोफावते.

घरगुती लेपांबद्दल मी सगळ्यांवर डाफरत नाही. स्वच्छ धुतलेल्या जखमेवर चिमूटभर हळद लावली म्हणून मी कुणाशी भांडलेले नाही. बिब्ब्यावर मात्र माझा राग आहे. बिब्बा कातडी जाळतो, आणि मग मूळ दुखणं कुठलं आणि भाजलेलं कुठलं, तेच कळेनासं होतं.

एका दुखण्यात मात्र घरी घालवलेली रात्रसुद्धा महागात पडते. वरून फारसं काही दिसत नाही, पण रुग्ण वेदनेने विव्हळतो; दिसतं त्यापेक्षा दुखतं कितीतरी जास्त. मग कातडी निळसर-काळी पडते, फोड येतात, आणि जी जागा ठणकत होती ती बधिर होते. जंतू कातडीखालच्या थरातून तासागणिक पसरत असतो. तिथे सडलेलं सगळं तातडीने काढावं लागतं, तरच माणूस वाचण्याची आशा. मधुमेहींना हा धोका अधिक, आणि जुन्या मधुमेहात पायाची संवेदनाच गेलेली असेल तर काच रुतली तरी कळत नाही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशात दहा कोटींवर मधुमेही निघाले. रोज रात्री तळवे बघायला सांगितलं की हसतात.

तर मग गळवं फोडतं कोण? आमच्या वेळी इंटर्नने अपघात विभागात उभं राहून फोडायची आणि चुकलं तर सिस्टरने ओरडायचं, असं शिक्षण होतं. आता इंटर्नशिपचं वर्ष नीट-पीजीच्या प्रश्नसंचात जातं. तो मुलगा प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू होतो तेव्हा त्याने पातं धरलेलं नसतं, आणि नातेवाईक अंगावर येतील ही धास्ती असते. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. तो चिठ्ठी लिहितो. रुग्णही खूश असतो, कारण कापाकापी टळली. गोळीचे पैसे घासाघीस न करता देणारी माणसं चिऱ्याच्या पैशांवरून माझ्याशी वाद घालतात.

माझं म्हणणं असं की इंटर्नने स्वतःच्या हाताने गळवं फोडल्याशिवाय त्याच्या वहीवर सही होऊ नये, आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून दोन दिवस तरी हे काम ठरवून व्हावं. त्याला मोठं थिएटर लागत नाही. पातं, लिग्नोकेन, सलाइन, गॉज, निर्जंतुक करायचं यंत्र आणि चांगला दिवा एवढं पुरतं. अडतं ते पुढे. चिरा दहा मिनिटांत देऊन होतो, पट्टी मात्र बरेच दिवस बदलावी लागते. सरकारी भाषेत ज्याला व्रणोपचारक म्हणतात तो ड्रेसर जिथे नाही, तिथला रुग्ण एका पट्टीसाठी पावसात एसटीने तालुक्याला येतो, बसस्टँडपासून चिखलातून चालतो, आणि माझ्यासमोर बसतो तेव्हा पट्टी ओली असते. तिसऱ्या दिवशी तो येत नाही. म्हणून आधी ड्रेसर नेमा. डॉक्टरला पातं धरायला मी शिकवीन, फुकट.