बॅटरी ५० तासांची, कानाची मर्यादा ४० तासांची

हेडफोनचा अनावश्यक वापर टाळा. वापरायचाच असेल तर आवाज ५० डेसिबलच्या वर नको आणि दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त नको, अशा आशयाचे पत्र केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यांना आणि वैद्यकीय महाविद्यालयांना पाठवले. बाजारात मात्र वेगळीच चर्चा सुरू असते. पूर्वी ध्वनिमुद्रकांच्या टेबलावर दिसणारे, कान पूर्ण झाकणारे बंदिस्त स्टुडिओ हेडफोन आता घरून काम करणारे, पॉडकास्ट करणारे आणि विद्यार्थीही घेऊ लागले आहेत. त्यांचा प्रश्न असतो, वायरचा घ्यावा की ब्लूटूथचा? आणि ब्लूटूथच्या लहरींनी डोक्याला काही अपाय तर होणार नाही ना?

तुलनेसाठी एक सोयीचे उदाहरण आहे. जपानच्या ऑडिओ-टेक्निका कंपनीचा ‘एम५०एक्स’ हा वायरचा हेडफोन २०१४ मध्ये आला. त्याची ब्लूटूथ आवृत्ती २०१८ मध्ये आणि सुधारित ‘बीटी२’ २०२१ मध्ये आली. आतला ध्वनी निर्माण करणारा ड्रायव्हर सगळ्यांत ४५ मिलिमीटरचाच. वजनातला फरक वीस-बावीस ग्रॅमचा. ब्लूटूथ आवृत्तीला वायर जोडूनही ऐकता येते. म्हणजे फरक उरतो तो ध्वनी कानापर्यंत कसा पोहोचतो, एवढाच.

आधी लहरींची भीती. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओलहरी वापरते. क्ष-किरणांप्रमाणे पेशीतील रेणू तोडण्याची ताकद या लहरींत नसते. हेडफोनसारख्या उपकरणांची प्रक्षेपणशक्ती साधारणपणे काही मिलिवॉट असते. कानाला लावलेल्या मोबाइलची त्याहून कितीतरी अधिक असू शकते. तेव्हा केवळ या भीतीपोटी वायरचा हेडफोन घेण्याचे कारण नाही.

ध्वनीच्या दर्जात फरक आहे. सीडीवरचे संगीत सेकंदाला १४११ किलोबिट माहितीचे असते. ब्लूटूथवरून पाठवताना ते आक्रसावे लागते. बीटी२ मधील ‘एलडॅक’ पद्धतीत ते जास्तीत जास्त ९९० किलोबिट असते आणि तीही फोनमध्ये ती सोय असेल तरच. रोजच्या ऐकण्यात हा फरक बहुतेकांना जाणवत नाही. जाणवतो तो विलंब. ब्लूटूथवर आवाज अनेकदा सेकंदाच्या दहाव्या भागाहून उशिरा पोहोचतो. १५० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे साथीचा तबलजी पन्नास मीटरवर बसल्यासारखे! म्हणून गाणे ध्वनिमुद्रित करणाऱ्याला वायरच हवी. बातम्या, व्याख्यान किंवा गाणी ऐकणाऱ्याचे ब्लूटूथवर काही अडत नाही.

कानाच्या दृष्टीने खरा हिशेब आवाजाचा आणि वेळेचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सुरक्षित मर्यादा प्रौढांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. मुलांसाठी ७५ डेसिबल. आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला अवघे ५. एम५०एक्सची संवेदनशीलता ९९ डेसिबल आहे, म्हणजे केवळ एक मिलिवॉट विजेवर तो एवढा आवाज देऊ शकतो. त्या पातळीवर आठवड्याची मर्यादा ढोबळमानाने अर्ध्या तासात संपते. यात वायर किंवा ब्लूटूथ असा भेद नाही. सरकारी पत्रातली ५० डेसिबलची मर्यादा शांत खोलीत पाळता येईल. बसमध्ये तेवढ्या आवाजात काही ऐकूच येणार नाही.

वायरीचा एक अप्रत्यक्ष फायदा मात्र दुर्लक्षित राहतो. वायरचा स्टुडिओ हेडफोन माणसाला टेबलापाशी बांधून ठेवतो. उठायचे झाले की तो काढावा लागतो आणि कानांना आपोआप विश्रांती मिळते. ब्लूटूथचा हेडफोन स्वयंपाकघरात, जिन्यावर, लोकलमध्ये डोक्यावरच राहतो. बीटी२ ची बॅटरी एकदा भरली की सुमारे ५० तास चालते. कानाची आठवड्याची मर्यादा ८० डेसिबललाच ४० तासांत संपते. शिवाय बॅटरी पुन्हा भरता येते. अंतर्कर्णातल्या सुमारे १५ हजार केशपेशींपैकी एकदा मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही.

प्रवासात धोका वाढतो. कानावरची बंद वाटी तीक्ष्ण आवाज बऱ्यापैकी अडवते, पण गाडीची खोल घरघर आत शिरतेच. या हेडफोनमध्ये ती घरघर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दाबण्याची सोय नाही. मग आवाज वाढवला जातो आणि स्टेशनावर उतरल्यावरही तसाच राहतो. रूळ किंवा रस्ता ओलांडताना हॉर्न ऐकू न येण्याचा धोका वेगळाच.

ब्लूटूथच्या बाजूने एक मुद्दा आहे. फोनवर ऐकताना काही फोन आवाजाचा आठवडाभराचा हिशेब ठेवतात आणि मर्यादा ओलांडली की सूचना देतात. हा हिशेब अंदाजाचा असतो, तरी उपयोगी असतो. वायर लॅपटॉपला किंवा मिक्सरला जोडली, तर फोनचा हा पहारेकरी तिथे नसतो.

आवाजाने होणारी श्रवणहानी दुखत नाही, म्हणून ती उशिरा लक्षात येते. सहसा आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचे ऐकणे कमी होते. बोलणे ऐकू येते, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे वर्ण निसटतात. गर्दीत समोरच्याला ‘काय म्हणालात?’ असे पुन्हा पुन्हा विचारावे लागते. हेडफोन काढल्यावर कानात शीळ वाजणे किंवा दडे बसल्यासारखे वाटणे ही आधीची सूचना असते. हे वारंवार होत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवणचाचणी करून घ्यावी. अचानक एका कानाने ऐकू येईनासे झाले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. त्यात उशीर महागात पडतो.

ध्वनिमुद्रण आणि संपादनासाठी वायरचा, फिरत्या वापरासाठी ब्लूटूथचा, अशी निवड करायला हरकत नाही. कोणताही घेतला तरी आवाज कमाल पातळीच्या ६० टक्क्यांखाली ठेवावा, तासाभराने कान मोकळे करावेत, फोनमधली आवाजमर्यादा सुरू करावी. पावसाळ्यात घामट गाद्या पुसून कोरड्या ठेवाव्यात, कान वाहत असेल तर हेडफोन बंद. आणि मुलाला ब्लूटूथ हेडफोन घेऊन देताना बॅटरी किती तास चालते हे विचारले, तर तो दिवसाला किती तास वापरायचा हेही त्याच वेळी घरात ठरवून टाकावे.