गिअरबॉक्स राहू द्या, आधी वही उघडा

रविवारी सकाळी साडेसातला मोबाइल वाजला की तो एकतर राँग नंबर असतो किंवा आत्या. या वेळी आत्या होती.

"अरे, गाडी परत हट्टाला पेटलीय. गॅरेजवाला म्हणतो गिअरबॉक्स गेला. ८५ हजार सांगितलेत. विकून टाकू का रे?"

आत्या होळीला राहते. सण नव्हे मंडळी, वसई गावातली होळी. बाजाराजवळच्या गल्लीत घर आणि दारात २०११ ची, चार गिअरची ऑटोमॅटिक. आज विकली तर जेमतेम दीड लाख येतील. त्यात ८५ हजार घालायचे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. माझी गाडी असती तर मीही दिली असती विकून. पण आत्याच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, क्लच दाबणं तिला जमत नाही. तुम्हा-आम्हाला ऑटोमॅटिक म्हणजे घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधली चैन. तिच्यासाठी ही गाडी गेली की बाजार, दवाखाना आणि बुधवारचा मैत्रिणींचा अड्डा, सगळं रिक्षावाल्यांच्या आणि भाच्यांच्या मर्जीवर.

"विकू नकोस. आठवडाभर एका वहीत लिही, पुढच्या रविवारी मी येतो," मी म्हटलं.

काय लिहायचं? गाडी थंड होती की तापलेली. झटका डी टाकताना बसला की चालताना गिअर बदलताना. तेव्हा वेग किती आणि आरपीएमचा काटा कुठे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडी बंद करून पुन्हा चालू केल्यावर काय झालं. बस्स. 'गाडी नीट चालत नाही' एवढ्यावर मेकॅनिकने निदान करायचं म्हणजे डॉक्टरला 'बरं वाटत नाही' सांगून थेट ऑपरेशनला झोपण्यासारखं.

आत्या रिटायर्ड बँकवाली. वहीतल्या नोंदी अशा, की ऑडिटरने सलाम ठोकावा. 'सोम., सकाळी ७.१०, थंड. डी लगेच लागला. पापडीपर्यंत ठीक.' मग 'सोम., ११.४०. बाजारात वीस मिनिटं रांगत. अंबाडीच्या पुलाआधी धाडकन झटका. नंतर सिग्नलवरून सुटताना बैलगाडी. बंद करून चालू केली, ठीक.' बुधवारी तेच. शुक्रवारी पुन्हा तेच.

शेवटचे तीन शब्द वाचून मला जाम आनंद झाला. गिअरबॉक्सच्या आतल्या क्लच प्लेट्स खरोखर झिजल्या असतील, तर चावी फिरवून त्या बऱ्या होत नाहीत. चावी फिरवून जे बरं होतं, ते बहुतेक वेळा कॉम्प्युटरच्या डोक्यातलं असतं. एखाद्या सेन्सरवरचा भरवसा उडाला की गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर भानगडीत पडत नाही. तो बॉक्स एकाच गिअरवर, बहुधा तिसऱ्यावर, लॉक करतो, म्हणजे तुम्ही रखडत का होईना घरी पोचाल. तिसऱ्यावर सुटणारी गाडी बैलगाडीच वाटणार! बंद करून चालू केली की कॉम्प्युटर नव्याने भरवसा ठेवतो, पुढच्या वेळी फसेपर्यंत.

तरी राउंड मारलाच. होळी ते हायवे हा टेस्ट ड्राइव्हसाठी भन्नाट रस्ता आहे. दारातच, गाडी थंड असताना, ब्रेकवर पाय ठेवून पी, आर, एन, डी असं फिरवून पाहायचं. सेकंदभरात हलका धक्का जाणवला पाहिजे. दोन-तीन सेकंद काहीच नाही आणि मग दणका, तर तेल कमी आहे किंवा आतला दाब. लगेच पण जोरात दणका, तर आयडलिंगचे आरपीएम जास्त आहेत किंवा इंजिनाचं माउंटिंग तुटलंय. माउंटिंग फाटलेली गाडी 'गिअरबॉक्स गेला' म्हणून विकलेली मी पाहिलीय, आणि घेणाऱ्याचं हसू अजून आठवतं.

बाजारात रांगताना तेल तापतं. पापडीच्या मोकळ्या पट्ट्यात हलक्या पायाने वेग वाढवायचा. इंजिन गुरगुरतंय, काटा वर जातोय आणि गाडी जागच्या जागी, म्हणजे गिअर स्लिप मारतोय. अंबाडीच्या पुलाचा चढ हीच परीक्षा लोड देऊन घेतो. पुढे वसई फाट्यावरून हायवेला लागलं की साठच्या आसपास एक थरथर शोधायची, रम्बल स्ट्रिपवरून गेल्यासारखी. ती आली तर मागे कुणी नाही हे बघून, ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करायचा. थरथर तिथल्या तिथे थांबली, तर बहुतेक टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉक-अपचा दोष. नाही थांबली, तर आधी स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल बघा. मिसफायर होणारं इंजिन गिअरबॉक्सच्या नावावर हमखास पावती फाडतं.

मग तेल. १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबाइलमध्ये जनरल मोटर्सने हायड्रा-मॅटिक दिला, तेव्हापासून या जातीच्या गिअरबॉक्सचा कारभार तेलावर चालतो. तेच वंगण, तेच गिअर दाबणारे हात. मोजायची पद्धत मात्र प्रत्येकाची वेगळी. बहुतेक गाड्यांत इंजिन गरम आणि चालू ठेवून, सपाट जागी डिपस्टिक काढायची. होंडाच्या बऱ्याच जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांत मात्र इंजिन बंद करून दीडेक मिनिटाच्या आत. कित्येक नव्या गाड्यांना डिपस्टिकच नाही, ठरावीक तापमानाला खालचा बोल्ट उघडून लेव्हल बघतात. म्हणून मॅन्युअल वाचा, ते ग्लोव्ह बॉक्समध्ये शोभेला नसतं.

तेल लालसर आणि पारदर्शक, तर झक्कास. स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं, तर त्यात पाणी गेलंय. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर रेडिएटरच्या पोटात असतो, तो आतून फुटला की कूलंट तेलात मिसळतं. अशी गाडी एक किलोमीटरही पुढे नेऊ नका. काळं आणि करपल्याचा वास, तर क्लच प्लेट्स जळल्यात. त्यात धातूचा चुरा दिसला, किंवा थंड-गरम कधीच रिव्हर्स पडत नसला, तर गॅरेजवाला खरं बोलतोय. मग कुठले पार्ट बदलणार, टॉर्क कन्व्हर्टर धरलाय का, हे लिहून घ्या आणि मगच घासाघीस करा.

आत्याचं तेल कोऱ्या चहासारखं निघालं, किंचित कमी, पण करपलेलं नाही. म्हणजे ८५ हजार कशाचे?

पहिल्या गॅरेजच्या कागदावर एकच कोड लिहिला होता, पी ०७००. 'ट्रान्समिशनचा कोड आला, म्हणजे ट्रान्समिशन गेलं.' अहो, नाही! पी ०७०० चा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला काहीतरी सांगायचंय, त्याला विचारा. स्वस्तातलं रीडर बरेचदा फक्त इंजिनाच्या कॉम्प्युटरशी बोलतं, त्यामुळे निरोप मिळतो, मजकूर नाही. मजकूर वाचायला गिअरबॉक्सशी बोलणारा स्कॅनर लागतो. तो असलेल्या दुसऱ्या गॅरेजात गेलो. तिथे निघाला पी ०७१५, गिअरबॉक्सच्या आत येणारा वेग मोजणाऱ्या सेन्सरचा कोड.

इथे दुसऱ्या मेकॅनिकला मानलं. त्याने लगेच सेन्सर मागवला नाही. आधी बॅटरी तपासली, कारण व्होल्टेज पडलं तरी हे कॉम्प्युटर वाटेल ते बरळतात. मग सेन्सरचा प्लग उघडला. पिना हिरव्या! २०१८ च्या जुलैत वसई-विरार पाण्यात गेलं होतं, तेव्हा ही गाडी दारातच होती. त्याआधीचे आणि नंतरचे पावसाळेही तिने तिथेच काढलेत.

पाण्यावरून आठवलं. साचलेल्या पाण्यात बुडालेली ऑटोमॅटिक चालू करून 'चालतेय ना' म्हणू नका. ब्रीदरमधून पाणी आत गेलं तर क्लच प्लेट्सचा मुलामा सुटतो, महिन्याभराने का होईना. आणि पुढची चाकं जमिनीवर ठेवून ती दोरीने ओढून नेऊ नका. इंजिन बंद असताना आतला पंपही बंद असतो, तेल फिरत नाही, कोरडे भाग घासतात. फ्लॅटबेडच मागवा, वाद घालून मागवा.

२०१४ च्या सेलेरिओपासून आपल्याकडे एएमटी आली. त्या पहिल्या गाड्या आता सेकंड हँड बाजारात स्वस्त मिळतात, म्हणून तुमच्यापैकी कितीतरी जण त्या बघत असणार. तिथे वरची अर्धी गोष्ट लागू नाही. ती आतून साधी मॅन्युअलच, क्लच दाबायला तुमच्या पायाऐवजी यंत्र. झटके आले तर क्लच प्लेट झिजलीय का ते बघा आणि स्कॅनरवर क्लचची सेटिंग नव्याने करून घ्या. सीव्हीटी असेल तर तेल सीव्हीटीचंच. 'एटीएफ चालतं सगळ्यात' म्हणणाऱ्या गॅरेजातून गाडी रिव्हर्समध्येच बाहेर काढा.

आत्याच्या गाडीला नवा सेन्सर बसला, प्लग साफ झाला आणि तेल महिन्याभरात दोनदा बदललं, कारण एकदा सोडून सगळं जुनं तेल निघत नाही. बिल ११ हजार ४००. गाडी तापली की दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना ती अजून किंचित खांदा उडवते. "बाई, एवढ्या वयात तेवढं चालायचंच," मेकॅनिक म्हणाला. तो गाडीबद्दलच बोलत होता, पण आत्याने त्याच्याकडे जरा बघितलं.

परवाच्या रविवारी साडेसातला पुन्हा फोन. "लिहून घे. मंगळवार, ११.५०, बाजार, पंचवीस मिनिटं रांगत. अंबाडीचा पूल. झटका नाही."