खेळाचा लिलाव नको, अंगण हवे

2024 च्या आगमनकाळातील एका रविवारी मिस्सा संपल्यावर आमच्या धर्मग्रामातील युवक मंडळाचे आठ-दहा तरुण एक कागद घेऊन आमच्याकडे आले. नाताळात दरवर्षी होणाऱ्या कबड्डीच्या सामन्यांना यंदा 'लीग'चे रूप द्यावे, टोल्याटोल्यांचे संघ मोडून चार मालकांचे चार संघ करावेत आणि खेळाडूंची निवड जाहीर लिलावाने व्हावी, अशी ती योजना होती. पहिल्या पारितोषिकाची रक्कम एका दारूविक्रेत्याने देऊ केली होती. मोबदल्यात त्याच्या दुकानाचे नाव मुलांच्या पाठीवर झळकावे आणि मैदानाच्या चारही बाजूंना त्याचे फलक लागावेत, एवढीच त्याची अपेक्षा होती. आम्ही नकार दिला. तरुण नाराज झाले. जाता जाता त्यांच्यातील एकाने विचारले, "फादर, टीव्हीवर हेच चालते, ते तुम्ही आमच्याबरोबर बसून पाहता. मग इथेच का चालत नाही?"

प्रश्न उद्धट नव्हता, रास्त होता. त्या दिवशी आम्हाला त्याचे नीट उत्तर देता आले नाही. ते आज देण्याचा हा प्रयत्न आहे.

त्या वेळी प्रो कबड्डी लीगचा अकरावा मोसम ऐन भरात होता. 18 ऑक्टोबर 2024 रोजी हैदराबादला सुरू झालेला तो मोसम नोएडामार्गे पुण्यास पोहोचला आणि 29 डिसेंबरला, नाताळाच्याच आठवड्यात, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात संपला. बारा संघ, 137 सामने आणि अखेरीस पाटणा पायरेट्सवर 32-23 अशी मात करून हरियाणा स्टीलर्स विजेते. तो अंतिम सामना आम्ही तरुणांसमवेत पाहिला, टाळ्याही वाजवल्या, हे कबूल करतो. खेळ उत्तम होता. खेळाशी आमचे भांडण नाही.

लीगने काही चांगले केले हेही मान्य केले पाहिजे. पूर्वी कबड्डीपटूला रेल्वेत, पोलिसांत वा बँकेत खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी मिळाली, तर ती मोठीच कमाई समजली जाई. 2014 मध्ये आठ संघांनिशी लीग सुरू झाली आणि शेतकऱ्याच्या, मजुराच्या मुलाला खेळावर घर उभे करता येऊ लागले. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील टाकळीभानचा अस्लम इनामदार पुणेरी पलटणचा कर्णधार होतो आणि मार्च 2024 मध्ये त्याचा संघ विजेतेपद पटकावतो, याचा आनंद कोणास होणार नाही?

परंतु 'लीगने कबड्डी जगवली' असे जे सर्रास म्हटले जाते, ते आम्हास मान्य नाही. आपल्या विदर्भातीलच अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी या खेळाचे प्रात्यक्षिक जगाला दाखविले होते. 1990 मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीचा समावेश झाला आणि भारताने सुवर्णपदक मिळविले. त्या साऱ्या काळात या खेळाला ना प्रकाशझोत होते, ना मालक. तो अंगणांनी, तालमींनी आणि शाळांच्या पटांगणांनी जगवला. लीगने त्या पिकाची कापणी केली. पेरणी तिची नव्हती.

आता लिलावाकडे वळू. अकराव्या मोसमाचा लिलाव 15 आणि 16 ऑगस्ट 2024 रोजी मुंबईत झाला. ज्या दिवशी देश स्वातंत्र्याचा आणि आपण मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण साजरा करतो, नेमक्या त्याच दिवशी माणसांवर बोली लागत होती. सचिन तंवर यास तमिळ थलैवाजने 2 कोटी 15 लाखांना घेतले; आठ खेळाडू एक कोटीच्या वर गेले. व्यावसायिक खेळात हा कराराचा एक प्रकार आहे, असे समर्थक सांगतात. ते खरे आहे. खेळाडू प्रौढ आहे, त्याची संमती आहे, पैसे त्याच्या हाती पडतात.

मात्र हाच प्रकार गावात आणला म्हणजे त्याचे काय होते, याचा विचार आमच्या तरुणांनी केला नव्हता. मुंबईच्या सभागृहात बोली न लागलेला खेळाडू यादीतील एका ओळीपुरता उरतो आणि दुसऱ्या दिवशी त्या ओळीकडे कोणी पाहतही नाही. गावात मात्र तो शेजारच्या घरचा मुलगा असतो. त्याला दुसऱ्या दिवशी त्याच हातपंपावर पाणी भरावयाचे असते, त्याच सोबत्यांबरोबर धानाच्या बांधीत उतरावयाचे असते. 'तुझ्यावर शंभराचीही बोली लागली नाही,' हे वाक्य त्याला वर्षभर ऐकावे लागेल. ज्याला सर्वांत मोठी बोली लागेल त्याचीही सुटका नाही. त्याच्या हातून एक पकड सुटली की त्याची किंमत त्याच्या तोंडावर फेकली जाईल. त्यातील एक पैसाही त्या मुलांच्या हाती पडणार नव्हता. खरेदी-विक्रीचा अपमान तेवढा खरा आणि मोबदला मात्र लटका, अशी ही नक्कल होती.

टोल्याच्या नावाने संघ असतो तेव्हा कच्चा खेळाडूही आपोआप आपला असतो. त्याला राखीव बसवतात, शिकवतात, पुढल्या वर्षी उतरवतात. मालकाचा संघ त्याला वगळतो. हा फरक लहान नाही.

याच्या पुढच्या पायऱ्या पाहावयाच्या असतील तर फिलिपिन्सकडे पाहावे. तेथे बास्केटबॉल हा जणू राष्ट्रीय छंद आहे. चर्चच्या आवारात, गल्लीच्या तोंडाशी, नारळाच्या झाडाला ठोकलेल्या कड्यातही तो खेळला जातो. 9 एप्रिल 1975 रोजी तेथे आशियातील पहिली व्यावसायिक बास्केटबॉल लीग सुरू झाली. तिचे संघ शहरांचे वा प्रांतांचे नाहीत, कंपन्यांचे आहेत. आरंभीच्या मोसमांत कापडाच्या उद्योगातील क्रिस्पा आणि मोटारींची टोयोटा यांच्या झुंजींनी सारा देश दुभंगला होता. 1983 च्या मोसमानंतर टोयोटाने संघ मोडला आणि पुढल्याच वर्षी क्रिस्पानेही. आयुष्यभर ज्यांच्यासाठी घसे कोरडे केले, ते संघ अशा रीतीने इतिहासजमा झाले.

आज त्या लीगमधील सर्वांत लोकप्रिय संघ एका जिन-दारूच्या नावाचा आहे. त्याचे नाव 'बरांगाय हिनेब्रा'. तेथील भाषेत बरांगाय म्हणजे गाव, राज्यकारभाराचा सर्वांत लहान घटक. म्हणजे दारूच्या बाटलीने गावाचे नाव धारण केले आणि गावाने ते प्रेमाने स्वीकारले! तो आणि आणखी दोन संघ एकाच सान मिगेल उद्योगसमूहाचे. त्यांपैकी एकाच्या नावातच 'बिअर' आहे. फिलिपिनो लोक भाविक आहेत, कुटुंबवत्सल आहेत. त्यांना हिणवण्याचा आमचा हेतू नाही. भाविक समाजाच्या अंगणातसुद्धा ही गोष्ट किती सहज शिरते, एवढेच दाखवावयाचे आहे.

आणि आम्ही कोठे राहतो? गडचिरोलीच्या लोकांनी वर्षानुवर्षे लढून 1993 मध्ये जिल्ह्यात दारूबंदी मिळविली. चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. त्या लढ्यांत ज्या माऊलींनी मोर्चे काढले, त्यांच्या नातवांच्या पाठीवर दारूच्या दुकानाचे नाव आम्ही नाताळात छापावयाचे काय? एवढ्या एका कारणासाठीही ती योजना नाकारणे आम्हास भाग होते.

आणखी एक गोष्ट. प्रो कबड्डीत महाराष्ट्राचे दोन संघ आहेत, मुंबईचा आणि पुण्याचा. आपल्या मुलखाच्या अगदी जवळ ही लीग आली ती 2017 च्या ऑगस्टमध्ये, नागपूरच्या मानकापूर संकुलात; आणि तीही बंगळूरच्या संघाचे घरचे सामने म्हणून! भामरागडचा मुलगा, ज्याच्या गावाचा रस्ता पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने तुटतो, तो या लीगमध्ये केवळ प्रेक्षक आहे. त्याच्या अंगी कस नाही असे कोण म्हणेल? 2018 च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्टचे शिखर गाठले. त्यांना कोणी बोली लावून विकत घेतले नव्हते. कोणीतरी शिकविले होते.

मुलींना तर प्रेक्षकाहून वेगळी जागाच नाही. 2016 मध्ये तीन संघांची एक छोटी महिला स्पर्धा लीगसोबत झाली आणि पुन्हा झाली नाही. 2018 मध्ये जकार्ताला इराणच्या मुलींनी भारताला हरवून सुवर्णपदक नेले, तेव्हा त्यांची प्रशिक्षक नाशिकच्या शैलजा जैन होत्या. 2025 मध्ये ढाक्यात भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला. कोळशाच्या आणि जंगलाच्या कोरबा जिल्ह्यातील संजू देवी त्या संघात होती. खेळणाऱ्या मुली आहेत, शिकविणाऱ्या स्त्रिया आहेत. आमच्या तरुणांच्या कागदावर मात्र मुलींचा एकही संघ नव्हता.

येथवर इतरांचे दोष सांगितले. आता आमचा सांगतो. आमच्या चर्चच्या उजव्या अंगाला पूर्वी तांबड्या मातीचे मैदान होते. संध्याकाळी तेथे मुले कबड्डी खेळत, सुटीच्या दिवशी मुलीही. 2019 साली सणाला येणाऱ्यांच्या गाड्यांना जागा हवी म्हणून आम्हीच तेथे गट्टू बसविले. मंडळाने ठराव केला, आम्ही सही केली आणि उद्घाटनाचे पेढे खाल्ले. त्यानंतर मुले खेळायची थांबली आणि टीव्हीसमोर बसू लागली. म्हणजे लीगने त्यांना आमच्याकडून हिरावून नेले नाही. आम्हीच त्यांना तिच्या हवाली केले. ज्याने अंगण मोडले, त्याने लिलावावर प्रवचन करावे हे त्या तरुणाला खटकले असेल, तर त्याची चूक नाही.

म्हणून नकारापाशी थांबणे पुरेसे नाही. गट्टू उखडून तेथे पुन्हा माती टाकावी, असा प्रस्ताव आम्ही धर्मग्राम मंडळापुढे ठेवला आहे. गाड्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहतील. सणाच्या दिवशी चार पावले चालल्याने कोणाचे काही बिघडत नाही. संघ टोल्यांच्याच नावाने राहावेत, प्रत्येक टोल्याने मुलांबरोबर मुलींचाही संघ उतरवावा आणि बक्षिसाची रक्कम घराघरांतून दहा-वीस रुपयांनी उभी राहावी. ती लहान असेल. पण ती देणाऱ्यांपैकी कोणीही मुलांच्या पाठीवर आपले नाव मागणार नाही. जानेवारीत मिरचीच्या तोडणीसाठी तेलंगणात जाणाऱ्या मुलांनाही खेळता यावे म्हणून सामने नाताळाच्या आठवड्यातच संपवावेत.

मंडळातील काहींना हे पटलेले नाही. खर्च वाया जाईल असे ते म्हणतात. वाचकांपैकी अनेकांच्या धर्मग्रामांत असेच गट्टू बसले असतील, असेच कागद आले असतील. पुढल्या वर्षी तुमच्या अंगणात लिलावाची घंटा वाजण्यापूर्वी एकदा त्या अंगणात उतरून पाहा, पायाला माती लागते का.